पृथ्वीवरील नैसर्गिक प्रदेश व आपला माळ

महाबळेश्वराच्या माथ्यावरून सकाळीं निघालेला मनुष्य वाई, सातारा, पुसेगांव या वाटेनें संध्याकाळच्या आंत दहिवडीस पोंचतो. वाट दीडशे किलोमीटरांहूनही कमी. परंतु तेवढ्यांत त्याच्या डोळ्यांपुढून जीं रानें जातात, त्यांतील फरक कित्येकदां हजारों कोसांच्या प्रवासांतही पाहावयास मिळत नाहीं. महाबळेश्वरीं वर्षास सुमारें साडेपांच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथें जांभूळ, अंजनी, पिसा अशा सदाहरित झाडांचें दाट, ठेंगणें, शेवाळलेलें रान आहे. तेथून अवघ्या वीस किलोमीटरांवर पांचगणीस पाऊस जवळजवळ एकतृतीयांशावर येतो. वाईस तो सातआठशें मिलिमीटर होतो, व डोंगरउतारावर पानगळीचीं झाडें दिसूं लागतात. पुढें माण तालुक्यांत तो पांचशेंच्या आसपास उरतो. आणि दृष्टि पोंचेल तेथवर पिंवळट गवताचा माळ, मधूनमधून हिंवर, बाभूळ, बोर व तरवडाचीं झुडपें, एवढेंच दिसतें.

हा माळ पाहून बहुतेकांच्या तोंडून एकच उद्गार निघतो: "सगळें ओसाड आहे." प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां हाच उद्गार दप्तरी भाषेंत लिहिला आहे. "पडीत" व "पोटखराबा" हे शब्द शेंकडों गट नंबरांपुढें या हातानें उतरविले. ते माळाच्या बाबतींत किती अपुरे आहेत, आणि त्या अपुरेपणाचा तोटा शेवटीं कोणाच्या दावणीस लागतो, हें वाचकांपुढें ठेवावें, हा या लेखाचा हेतु होय. त्यासाठीं प्रथम निसर्गानें सबंध पृथ्वीच्या पाठीवर वनस्पतींची वांटणी कोणत्या नियमानें केली आहे, तें पाहिलें पाहिजे.

वांटणीचा नियम

आलेक्झांडर फॉन हुंबोल्ट नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें इ. स. १८०२ मध्यें दक्षिण अमेरिकेंतील चिंबोराझो पर्वताची चढण केली. पायथ्याशीं उष्ण प्रदेशाचें निबिड अरण्य, त्याच्यावर थंड हवेचीं झाडें, त्याच्यावर झुडपें व गवत, आणि शेवटीं बर्फ, असे वनस्पतींचे पट्टे एकावर एक रचलेले त्याला आढळले. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे हजारों कोस चालत गेल्यास जो क्रम दिसतो, साधारणपणें तोच एका पर्वताच्या अंगावर उभा होता.

पुढें व्लादिमिर कोपेन यानें इ. स. १८८४ पासून जगाच्या हवामानाचे विभाग पाडण्यास आरंभ केला, आणि ते पाडतांना वनस्पतींचा आधार घेतला. त्याचें म्हणणें सोपें होतें. ज्या ठिकाणीं पर्जन्यमापक नाहीं, तेथें झाड हेंच पर्जन्यमापक होय. कारण तेथील ऊन, पाऊस व थंडी शतकानुशतकें सोसून जें टिकलें तेंच तेथें उभें असतें.

या वांटणींत तीन गोष्टी मुख्य आहेत. पहिली उष्णता, दुसरी पावसाचें मान, आणि तिसरी, जिच्याकडे आपलें लक्ष कमी जातें, ती म्हणजे पाऊस वर्षांत केव्हां व किती महिने पडतो ही. एकाच गांवाच्या हिशोबांत सहाशें मिलिमीटर पाऊस बारा महिन्यांत सारखा वांटून येणें निराळें, थंडींत येणें निराळें, आणि चार महिन्यांत येऊन आठ महिने आभाळ कोरडें राहणें निराळें. मातीची खोली, वणवा व जनावरांची चराई यांचा हात यांवर शेवटीं फिरतो.

मुख्य प्रदेश

विषुववृत्ताच्या दोहों बाजूंस अमेझॉन, कांगो व इंडोनेशियाकडे बारमास उष्णता आणि दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस असल्यामुळें सदाहरित वर्षारण्यें आहेत. इतकी गर्द झाडी पाहून तेथील जमीन सुपीक असावी असें वाटतें. परंतु बहुतेक ठिकाणीं स्थिति उलट आहे. सततच्या पावसानें मातींतील सत्त्व धुपून गेलेलें असतें, आणि जें आहे तें झाडांच्या अंगांत व पडलेल्या पाल्यांत साठलेलें असतें. रान तोडून शेत केलें कीं दोनचार पिकांतच तें थकतें.

पाऊस बराच, पण कोरडे महिनेही बरेच, अशा ठिकाणीं झाड उन्हाळ्यांत पानें टाकून पाणी वांचवितें. साग, ऐन, मोह, तेंदू व बांबू यांचीं मेळघाट-चंद्रपुराकडील रानें याच जातीचीं. युरोपांतील ओक व बीच हे वृक्षही पानें टाकतात, परंतु तीं थंडीच्या भयानें. आपला साग टाकतो तीं तहानेच्या भयानें.

भूमध्य समुद्राच्या कांठीं पाऊस हिंवाळ्यांत येतो व उन्हाळा कोरडा जातो. तेथील ऑलिव्हासारख्या झाडांचीं पानें लहान, जाड व चामड्यासारखीं चिवट असतात. त्याच्या उत्तरेस व पूर्वेस, युक्रेनपासून कझाकस्तानपर्यंत, झाडांस पुरे पडणार नाहीं इतपत पाऊस आणि कडक हिंवाळा असलेला स्टेप नांवाचा गवताळ प्रदेश आहे. उत्तर अमेरिकेंतील प्रेअरी त्याच प्रकारची. या गवतांचीं मुळें हजारों वर्षें मातींत कुजून युक्रेनची प्रसिद्ध काळी जमीन तयार झाली. आपली काळी मात्र काळ्या दगडाच्या झिजेपासून झालेली चिकणमाती आहे. रंग सारखा दिसला तरी तिच्यांत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. म्हणून शेणखताची गरज तिला आहेच.

वर्षास अडीचशें मिलिमीटरांहून कमी पाऊस झाला कीं वाळवंट येतें. उत्तरेकडे कॅनडा व सैबेरियांत सूचिपर्णी वृक्षांचा तैगा पसरला असून, अरण्यांत एवढा विस्तीर्ण पट्टा जगांत दुसरा नाहीं. त्याच्याही पलीकडे टुंड्रा, जेथें जमिनीचा खालचा थर बारमास गोठलेला असतो आणि उन्हाळ्यांत वरची वीत-दोन वीत माती विरघळली कीं शेवाळ व खुरटीं झुडपें घाईघाईनें फुलून घेतात.

राहिला तो सॅव्हाना, म्हणजे उष्ण प्रदेशांतील गवताळ प्रदेश. आपल्याशीं खरा संबंध त्याचाच असल्यामुळें त्याचा विचार सावकाश करूं.

पिकांचें माहेर

तत्पूर्वीं, ही सर्व माहिती शेतकऱ्याच्या काय कामाची, असें कोणी विचारील त्यास उत्तर दिलें पाहिजे. प्रत्येक पिकाला माहेर आहे, आणि तें कोठें गेलें तरी माहेरची संवय सोडीत नाहीं. गहूं व हरभरा हे पश्चिम आशियांतील हिंवाळी पावसाच्या प्रदेशांतले. म्हणून आपल्याकडे ते रब्बींतच रमतात आणि फाल्गुनाचें ऊन लागलें कीं दाणा चिमतो. भात हा मूळचा पाणथळ जागेचा. द्राक्षवेल हिंवाळ्यांत पानें टाकून निजणारी. आपल्या हवेंत तिला तशी झोंप मिळत नाहीं, म्हणून नाशिक-सांगलीकडील बागाईतदारास एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत फळछाटणी अशी वर्षांतून दोनदां कात्री चालवावी लागते. तूर आपल्याच देशाची; तिची रानटी बहीण ओडिशा-बस्तराकडील रानांत आजही आढळते.

आतां ज्वारी व बाजरी पाहा. ज्वारी सुमारें पांच हजार वर्षांपूर्वीं सुदानच्या पूर्व भागांत, आणि बाजरी सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वीं पश्चिम आफ्रिकेंत मालीकडे लागवडीस आली. दोन्ही प्रदेश सॅव्हानाचे अथवा त्याच्या कोरड्या कडेचे. हीं दोन्ही धान्यें मुळांत गवतेंच. तीं येथें येऊन इतकीं आपलीं झालीं कीं भाकरीवांचून आपणांस जेवण सुचत नाहीं. तीं आपलीं झालीं याचें कारण हेंच कीं, दख्खनच्या पठारावर त्यांस माहेरचीच हवा मिळाली.

माळाची घडण

सॅव्हानांत उष्णता बारमास असते, पाऊस वर्षाच्या एका भागांतच येतो, आणि सहा ते आठ महिने कोरडे जातात. अशा ठिकाणीं गवत हें मुख्य व झाड हें पाहुणें असतें. आफ्रिकेंतील सेरेंगेटी, ब्राझीलांतील सेराडो, उत्तर ऑस्ट्रेलियाचा मोठा भाग आणि आपल्या दख्खनचा माळ हीं याच कुळांतलीं भावंडें होत.

आपल्या माळावर बहुतेक ठिकाणीं वीतभर माती, तिच्याखालीं मुरूम व त्याखालीं काळा पाषाण असतो. पावसाळ्यांत ही माती लवकर भिजते आणि तितक्याच लवकर सुकते. दाट वनास लागणारें पाणी ती साठवूं शकत नाहीं. गवताची युक्ति निराळी आहे. पाऊस पडतांच तें झपाट्यानें वाढतें, फुलतें, बीं टाकतें, आणि आश्विन-कार्तिकानंतर वरचा भाग वाळूं देऊन आपला जीव मुळांत व बुडख्यांत नेऊन ठेवतें. वर जनावर चरलें किंवा वणवा गेला तरी खालचा जीव शाबूत असतो. म्हणूनच माळाची खरी दौलत जमिनीखालीं आहे. मातींतील कर्बाचा बहुतेक सांठा तेथेंच मुळांच्या जाळ्यांत असतो. हिंवर व बोर यांसारखीं झाडें मुरमाच्या भेगांतून मूळ खोल उतरवितात व एकमेकांपासून दूर राहतात. त्यांचें विरळ असणें ही उणीव नसून पाण्याची वांटणी आहे.

चांगल्या राखलेल्या माळावर मारवेल, पवना, डोंगरी व कुसळी हीं गवतें आढळतात. पहिलीं तीन चाऱ्यास उत्तम. चराई फार झाली कीं तीं मागें पडतात आणि कुसळी पुढें येते. तिचीं कुसळें मेंढ्यांच्या लोंकरींत व तोंडांत रुततात. तेव्हां नुसतें गवत कोणतें आहे एवढें पाहिलें तरी माळाची प्रकृति कळते.

हा माळ पूर्वीं घनदाट अरण्य होता व माणसानें तें तोडून त्यास ओसाड केलें, असा समज सर्वत्र आहे. घाटमाथ्यावर व पानगळीच्या पट्ट्यांत वृक्षतोड झाली, हें खरेंच. परंतु माळाच्या बाबतींत तो समज टिकत नाहीं. आजच्या माळावरील गवतें ज्या प्रकारचीं आहेत, तीं भारतीय उपखंडांत सुमारें सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वींपासून पसरलीं, असें भूगर्भांतील पुराव्यावरून दिसतें. तेव्हां कुऱ्हाड चालविणारा मनुष्य जन्मासही आला नव्हता. शिवाय दिग्विजय पाटील व आशिष नेर्लेकर या संशोधकांनीं इ. स. २०२५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत जुन्या मराठी वाङ्मयांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांतही या भागांत कांटेरी झाडें व उघडा गवताळ मुलूख निदान साडेसातशें वर्षांपासून असल्याचें आढळून आलें. आपल्या संतकवींनीं जो मुलूख पायाखालीं घातला, तो असाच होता.

खिल्लार बैल व दख्खनी मेंढी हीं याच माळाचीं लेंकरें. काळवीट, लांडगा व माळढोक हे याचेच रहिवासी. माळढोकासाठीं सोलापुराजवळ नान्नज येथें इ. स. १९७९ मध्यें अभयारण्य स्थापन झालें. परंतु भोंवतालचा माळ मोडत गेला व आज तो पक्षी तेथें दिसणें दुरापास्त झालें आहे.

दप्तरांतील माळ

माळास ओसाड ठरविण्यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें नाहीं. इ. स. १८३५–३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं जी मोजणीची पद्धति घातली, तिचा हेतु सारा ठरविणें हा होता. मातीची खोली व रंग पाहून धान्य किती येईल याचा अंदाज करावयाचा. जेथें धान्य येणार नाहीं तेथें आकार नाहीं. हिशोब न्याय्य होता. पण तो धान्याचा होता, चाऱ्याचा नव्हता. पुढें "आकार नाहीं" याचा अर्थ लोकांनीं "किंमत नाहीं" असा करून घेतला. इ. स. २००० मध्यें केंद्र सरकारनें प्रसिद्ध केलेल्या ओसाड जमिनींच्या नकाशासंग्रहांतही झुडपी रानें व खालावलेलीं कुरणें ओसाडांतच घातलीं गेलीं. एकदां हा शब्द चिकटला कीं ती जमीन कोणत्याही कामास मोकळी समजली जाते. मग तेथें चर खणा, झाडें लावा, कारखाना काढा अथवा नांगर घाला.

गवत मोडल्याचा परिणाम

गवताळ प्रदेश मोडल्यास काय होतें याचा मोठा दाखला अमेरिकेंतील आहे. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, कोलोरॅडो व न्यू मेक्सिको या राज्यांच्या सीमेवरील मैदानांत पाऊस आपल्या माणदेशाइतकाच, पांचशें मिलिमीटरांच्या आंतबाहेर. पहिल्या महायुद्धांत गव्हाचा भाव चढला, ट्रॅक्टर आले, लाखों एकर गवत उलथून गहूं पेरला गेला. कांहीं वर्षें पाऊस बरा झाला व पीकही आलें. इ. स. १९३१ पासून अवर्षण सुरू झालें, गहूं जळाला, आणि माती धरून ठेवणारें मूळच नसल्यामुळें वाऱ्यानें शेतें उचलून नेलीं. १४ एप्रिल १९३५ रोजीं तर भर दिवसा काळोख करणारें धुळीचें वादळ आलें. हजारों कुटुंबें गांव सोडून गेलीं. त्याच वर्षीं तेथील सरकारला मृदसंधारणाचें स्वतंत्र खातें उघडावें लागलें. आणि उजाड झालेल्या पुष्कळ जमिनी विकत घेऊन त्यांवर पुन्हां गवत लावावें लागलें. सोव्हिएत सरकारनें इ. स. १९५४ पासून उत्तर कझाकस्तानांतील स्टेप याच रीतीनें नांगरली, व दहा वर्षांच्या आंत तेथेंही धुळीचीं वादळें उठलीं.

दूरचें राहूं द्या, घरचेंच सांगतों. आमच्या वडिलांनीं चार एकर माळ कुरण म्हणून राखला होता. भाद्रपद-आश्विनांत त्यांतून हजार-बाराशें पेंढ्या निघत, आणि कापणी झाल्यावर धनगरांच्या मेंढ्या बसत. सेवानिवृत्तीनंतर हातीं चार पैसे आले, तेव्हां "पडीत" जमीन वहितीस आणावी या उत्साहानें लेखकानें यंत्र लावून तो माळ सपाट केला. थोरल्या बंधूंनीं तेव्हां एवढेंच विचारलें, "अरे, वैरणीचें काय करणार?" त्या प्रश्नाचा अर्थ त्या दिवशीं कळला नाहीं. पहिल्या वर्षीं बाजरी कमरेएवढी आली व कणसें बोटाएवढीं भरलीं. दुसऱ्या वर्षीं दोनच मोठे पाऊस झाले, ते उघड्या मातीवर झाले, व वरची माती ओढ्यास गेली. तिसऱ्या वर्षीं पेरणी सोडून दिली. आज तेथें गाजरगवत व थोडी कुसळी आहे. पवना परत आलेला नाहीं. बैलजोडीसाठीं कडबा विकत घ्यावा लागतो, आणि दावणीस उभें राहिलें कीं बंधूंचा तो प्रश्न आठवतो.

इ. स. २०१२–१३ व २०१८–१९ या दुष्काळांत माणदेशांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या, हें वाचकांस स्मरत असेल. दुष्काळांत धान्य बाहेरून आणतां येतें. वैरण आणणें फार जड जातें. त्या वेळीं माळावरील वाळकें गवत हीच गरिबाची पेढी असते.

काय करावें

याचा अर्थ माळास हात लावूं नये असा नव्हे. सॅव्हानाशीं सॅव्हानाच्या रीतीनें वागावें, एवढाच. त्या दृष्टीनें कांहीं सूचना करितों.

१. नांगर घालण्यापूर्वीं चारपांच ठिकाणीं खड्डे घेऊन मातीची खोली पाहावी. वीत-दीड वितीखालीं मुरूम लागत असेल, तर ती जमीन गवताचीच समजावी.

२. कुरणाचे चार भाग करावे. दरवर्षीं पाळीपाळीनें एक भाग बीं पडेपर्यंत बंद ठेवावा. बाकीच्यांतील गवत फुलोऱ्यावर येतांच कापावें. वाळून कुसळ झाल्यावर त्यांत कस राहत नाहीं.

३. उघड्या पडलेल्या जागीं पावसाच्या आरंभीं मारवेलाचीं ठोंबें किंवा पवन्याचें बीं लावावें, व निदान दोन पावसाळे जनावर सोडूं नये.

४. झाडें अवश्य लावावीं, परंतु हिंवर, बोर, बाभूळ अशीं स्थानिक, आणि तीं बांधावर, ओढ्याकांठीं किंवा माळावर विरळ. गिरिपुष्प शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतास चांगलें. कुरणांत त्याची दाट लागण केल्यास खालचें गवत सावलीनें मरतें.

५. जेथें गवताचा थर शाबूत आहे तेथें चर खणून तो फोडूं नये. चर उघड्या, धुपणाऱ्या उतारावर घ्यावे.

६. गांवच्या गायरानावर कोणतीही योजना येईल, तेव्हां ग्रामसभेंत प्रथम हें विचारावें कीं, आज तेथें कोणतें गवत आहे, तें किती जनावरांस पुरतें, आणि योजनेनंतर तीं जनावरें कोठें चरावयाचीं. उत्तर ठरावांत लिहून घ्यावें. लिहिलेल्या शब्दाचें बळ किती असतें, हें जन्मभर दप्तर सांभाळलेल्या मनुष्यानें सांगावयास नको.

महाबळेश्वराचें रान महाबळेश्वरीं शोभतें व माळ माणदेशांत. दोघांस घडविणारा नियम एकच आहे. आणि माळ त्या नियमास पुरेपूर उतरलेला आहे. वाचकांपैकीं ज्यांच्याकडे वडिलार्जित कुरण अजून न मोडतां राखलेलें असेल, त्यांनीं त्यांत कोणकोणतीं गवतें आहेत व एकरीं किती पेंढ्या निघतात, याची माहिती या मासिकाकडे अवश्य कळवावी. ज्यांनीं तें मोडलें आहे, त्यांस ती उपयोगी पडेल. प्रस्तुत लेखकास तर पडेलच.